पंचवीस वर्षांचं छप्पर

नागपूरहून निघालो तेव्हा मे महिना होता. विमानतळाबाहेरच्या फरशीवर चपलेतूनही पाय भाजत होते. संध्याताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, ऊन बाधू नये म्हणून माझ्या पर्समध्ये एक कांदा टाकला होता, आणि तो सिक्युरिटीपर्यंत तसाच माझ्यासोबत आला. विनय, माझा नवरा, ट्रॉली ढकलत पुढे निघून गेला. त्याला मागे वळून बघायचं नव्हतं. माझे सासरे मात्र माझ्यापाशी थांबले. बाबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तिकडे लाईन जात नाही म्हणतात. सुखात राहाल बेटा."

नागपूरकडे वीज गेली की लाईन गेली म्हणतात. बाबांचा जन्म गेलेली लाईन परत आणण्यात गेला होता, त्यामुळे परदेशाचं सुख मोजायचं त्यांचं माप तेच होतं. आम्ही हसलो होतो.

हे मी तिकडे राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि इकडे आलेल्यांसाठीही. तिकडच्यांना आमचं घर फोनच्या स्क्रीनवर दिसतं आणि इकडच्यांना पॉटलकच्या, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या दिवशी, स्वच्छ आवरलेलं. अधल्यामधल्या दिवसांत त्या घरात काय चाललेलं असतं, ते दोघांनाही दिसत नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत आम्ही हे घर घेतलं तेव्हा आमची लेक सई चालायला शिकत होती. घर जुनं, लाकडी, मागे मेपल आणि ओकची उंच झाडं. पहिली काही वर्षं आम्हाला बर्फाचं इतकं कौतुक होतं की पहिला हिमवर्षाव झाला की विनय नागपूरला व्हिडिओ कॉल लावायचा आणि फोन खिडकीबाहेर धरायचा. बाबा म्हणायचे, "हे सगळं साफ कोण करते?" विनय म्हणायचा, "मीच." मग बाबा विषय बदलायचे. त्यांच्या मुलानं अंगणात फावडं चालवावं हे त्यांना फारसं रुचत नसे.

मग विनयच्या किडन्या गेल्या. ब्लड प्रेशरचं निमित्त झालं, पण ते कळायला उशीर झाला. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं. नंबर येईपर्यंत डायलिसिस. दवाखान्यात जाऊन करतात ते नाही, घरी करतात ते. पोटात एक नळी कायमची बसवलेली असते. तिच्यातून औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं आणि काढायचं. हे काम एक मशीन करतं, विनय झोपलेला असताना. त्या पाण्याच्या पिशव्यांची खोकी दर महिन्याला ट्रक भरून येतात. आमची पाहुण्यांची खोली त्या खोक्यांची खोली झाली. संध्याताईंनी स्वतःहून किडनी देऊ केली होती. तपासण्या सुरू झाल्या आणि त्यांनाच शुगर निघाली. त्या दिवशी त्या फोनवर इतक्या रडल्या, की शेवटी आजारी असलेल्या विनयलाच त्यांची समजूत काढावी लागली.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमचं छप्पर गळलं. छपराच्या कडेला बर्फाचे लांब सुळे लोंबायला लागले होते. सई त्यांचे फोटो काढत होती, शेजारी म्हणत होते किती सुंदर. ते सुळे म्हणजे आजार आहे हे आम्हाला नंतर कळलं. घरातली ऊब वरच्या माळ्यातून छपराला लागते, बर्फ खालून वितळतो, ते पाणी ओघळत थंड कडेपाशी येतं आणि तिथे पुन्हा गोठतं. कडेला बांध तयार होतो. मागून येणाऱ्या पाण्याला वाट उरत नाही, मग ते छपराच्या थरांखाली शिरून घरात उतरतं. आमच्याकडे ते नेमकं खोक्यांच्या खोलीत उतरलं.

मी दार उघडलं तेव्हा वरची खोकी भिजून बसली होती. त्याच दुपारी पडताक्षणी गोठणारा पाऊस सुरू झाला, झाडांच्या फांद्या काचेच्या झाल्या आणि कडाकड मोडून तारांवर पडल्या. लाईन गेली.

मशीन बंद. विनयला हातानं करायचं शिकवलेलं होतं, पिशवी उंच टांगून. पण पाणी अंगाइतकं कोमट लागतं. थंड पाणी पोटात गेलं तर माणूस कळवळतो. हीटिंग पॅड विजेवरचं. मी त्यातल्या त्यात कोरड्या खोक्यातून पिशव्या काढल्या, गाडी घरापुढच्या ड्राइव्हवेमध्ये आणली, हीटर पूर्ण सोडला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. मग ती गार पडायच्या आत कोटात घालून, छातीशी धरून घरात पळाले. घरात आमच्या तोंडातून वाफ निघत होती. सई मास्क लावून टॉर्च धरून उभी. उजेड नळीवर ठरत नव्हता.

विनय म्हणाला, "सई, लाईट स्थिर धर बाळा."

"आय ॲम ट्रायिंग, बाबा," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

वीज परत आली. काही दिवसांनी त्याच्या पोटातून निघालेलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढुरकं दिसलं. इन्फेक्शन. वूस्टरच्या हॉस्पिटलमध्ये तो ओल्या फडक्यासारखा पडून होता. कशानं झालं ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. ओली खोली, थंड हात, एखादा चुकलेला मास्क, काहीही असेल. मी मात्र हॉस्पिटलच्या खिडकीतून दिसणारी सगळी छपरं बघत बसायचे.

घरी आल्यावर विनय म्हणाला, "परत जाऊ या."

तो हे पहिल्यांदा म्हणत नव्हता, पण आता त्याच्या आवाजात विनंती होती. "नागपुरात डायलिसिस होतं. ताई आहे, बाबा आहेत. बाबांचं वय बघ. इथे काय आहे?"

"इथे तुझं यादीत नाव आहे," मी म्हणाले. "माझी नोकरी आहे, त्या नोकरीचा इन्शुरन्स आहे. गेलो तर परत येता येईल याची खात्री नाही. तिकडे पुन्हा पहिल्यापासून रांगेत."

"आणि छप्पर?"

"छप्पर नवीन घालू."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "शुभा, आपला व्हिसा तीन-तीन वर्षांचा. माझ्या तब्येतीचा तर तेवढाही भरवसा नाही. आणि तू पंचवीस वर्षांच्या गॅरंटीचं छप्पर घालणार?"

मी उठून कुकर लावला.

वसंतात मी छपरं बघायला लागले. म्हणजे लोकांची. गाडी चालवताना मान वर. साधं छप्पर घातलं असतं तर गळती थांबली असती, पण लाईनचं काय? जनरेटर बघितला. त्याचा आवाज, धूर, आणि वादळात त्याच्यासाठी इंधन आणायला बाहेर पडायचं, हे सगळं माझ्या एकटीच्या अंगावर आलं असतं. मग सोलर. नव्या छपरावर पॅनल बसवायचे ठरवले तर छपरवाला म्हणाला, त्यांनी भोकं पाडल्यावर गळलं तर माझी जबाबदारी नाही. पॅनलवाले म्हणाले, छप्पर आमचं नाही. गळतीच्या वेळी हे दोघं एकमेकांकडे बोट दाखवत उभे आहेत आणि खाली विनयची खोकी भिजताहेत, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर यायचं.

तिसरा पर्याय होता छप्परच सोलरचं. वर वेगळं काही बसवायचं नाही, कौलांसारख्या काळ्या काचेच्या पट्ट्या, त्याच पाणी अडवणार आणि त्याच वीज करणार. एकच कंपनी, एकच गॅरंटी. त्या कंपनीकडून लिंडा नावाची बाई आली. पन्नाशीची, बूट दारात काढून ठेवणारी. तिनं आधी माळ्यावर चढून बघितलं आणि खाली येऊन म्हणाली की माळ्याला ऊब अडवणारं नीट अस्तर घातल्याशिवाय कुठलंही छप्पर घालू नका, तुमची ऊबच तुमचं छप्पर फोडतेय. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. मी चहा दिला.

मी विचारलं, "बर्फ पडल्यावर हे चालेल का?"

"जानेवारीत काही दिवस हे छप्पर काहीही देणार नाही," ती म्हणाली. "बर्फाखाली ते फक्त छप्पर असतं. वादळात तुम्हाला तारेल ती बॅटरी. छप्पर ती भरेल, जेव्हा भरू शकेल तेव्हा. कोणी याहून जास्त सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. काच गुळगुळीत असते, बर्फ तिच्यावर थांबत नाही, एकदम सगळा घसरून येतो. खाली माणूस असेल तर गाडला जातो. म्हणून बर्फ अडवणारे छोटे खिळे बसवतात. पण खिळे बसवले की बर्फ वर राहतो आणि वीज होत नाही. "कुठे हवेत ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "घरात कोणी आजारी आहे का? ॲम्ब्युलन्स आली तर कुठल्या दारानं येईल?"

मी तिला विनयबद्दल काही सांगितलं नव्हतं. तेवढ्यात विनय जिन्यावरून म्हणाला, "पुढच्या दारानं." तो सगळं ऐकत होता. "पुढच्या उतारावर खिळे लावा. मागचा उतार मोकळा ठेवा. मागे आम्ही कोणी जाणार नाही." एवढं बोलून तो वर निघून गेला. त्याचा होकार तो एवढाच.

परवानग्यांत उन्हाळा गेला. जुनं छप्पर उतरवलं तेव्हा मेपलची पानं गळून गेली होती. मधले काही दिवस आमच्या डोक्यावर फक्त फळ्या आणि निळी ताडपत्री होती. एका सकाळी आकाशातून बारीक पांढरं काहीतरी तरंगत आलं आणि मी ऑफिसची मीटिंग अर्धवट टाकून ड्राइव्हवेमध्ये जाऊन उभी राहिले. वर बघत राहिले. जणू मी तिथे उभी राहिले तर ते थांबणार होतं. त्या दिवशी ते थांबलं. काम पुरं झालं.

बाबांना त्या छपराचा केवढा आनंद. सई रोज त्यांना छपराची वीज दाखवणाऱ्या ॲपचा स्क्रीनशॉट पाठवायची आणि तिकडून आवाजी मेसेज यायचा, "आज किती युनिट बनवून राहिलं छप्पर?" वीज मंडळातल्या माणसाच्या मुलाच्या घरावर वीज तयार होते, हे त्यांनी अख्ख्या कॉलनीला सांगितलं. सईचं मराठी त्या महिन्यांत जितकं सुधारलं तितकं रविवारच्या मराठी शाळेतही सुधारलं नव्हतं. "आजोबा, आज ढग होता, सो फक्त थोडं," असं ती सांगायची.

मग हा हिवाळा आला. जानेवारीत ओला, जड बर्फ पडला. ओकची एक अख्खी फांदी रस्त्यावरच्या तारा घेऊन खाली आली आणि सगळ्या मोहल्ल्याची लाईन गेली. आमचे दिवे एकदा लुकलुकले आणि परत लागले. बॅटरी. विनयच्या खोलीतलं मशीन चालू राहिलं. मी जिन्यात बसून रडले, तेव्हा मला वाटलं होतं की आता सुटलो.

पण लाईन दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. छप्पर पांढरं, बंद. ॲपमध्ये सूर्याच्या चित्राखाली शून्य. घर गरम ठेवणारा पंखा विजेवर, मशीन विजेवर. मी फ्रिज बंद केला. मग घराची हीट कमी केली. मग आम्ही तिघं एकाच खोलीत आलो, आणि विनय दिवसा हातानं करायला लागला, म्हणजे बॅटरी पिशव्या कोमट करण्यापुरती तरी उरावी. रस्ता बंद होता. हॉटेलं भरलेली होती. हॉस्पिटलला फोन केला तर ते म्हणाले, अगदीच जमलं नाही तर ॲम्ब्युलन्स पाठवू, पण वेळ लागेल. बॅटरीचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर उतरत होता. विनय पांघरुणातून म्हणाला, "शुभा, तो फोन खाली ठेव. बघून तो वाढणार नाही."

चौथ्या सकाळी ऊन पडलं. स्वच्छ, डोळे दिपवणारं, कडक ऊन, आणि आमच्या मागच्या उतारावर ओल्या बर्फाची चादर गोठून काचेला तशीच चिकटून. शेजारच्या झाडांवरून पाणी ठिबकायला लागलं, आमचं छप्पर हलेना. लिंडानं फोमचा एक लांब दांडा दिला होता, जमिनीवरून बर्फ ओढायचा. तो देताना बजावलंही होतं की उताराच्या खाली उभं राहू नका, बाजूनं ओढा. मी बाजूनं ओढलं. काहीच हललं नाही. सरकत सरकत मी कधी खाली जाऊन उभी राहिले ते मला कळलं नाही. मी दोन्ही हातांनी ओढत होते आणि मोठ्यानं बोलत होते, कोणाशी ते ठाऊक नाही. "दे ना. दे ना रे आता."

आधी एक खोल सुस्कारा ऐकू आला. मग सगळं छप्पर माझ्यावर आलं.

मी कमरेपर्यंत गाडली गेले होते. तोंडात बर्फ, एक हात अडकलेला. खिडकीतून सई किंचाळत होती, "आई! आई, आर यू क्रेझी?" आणि तिच्यामागे विनय, अंगावर शाल, पोटाची नळी हातात धरून, बाहेर यायला निघालेला. मी ओरडले, "येऊ नकोस! तू येऊ नकोस!" तो थांबला. तो दारात थांबला आणि त्याला यायचं होतं आणि येता येत नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर मी बघितलं. ते गाडलं जाण्यापेक्षा वाईट होतं. सई फावडं घेऊन धावत आली आणि आम्ही दोघींनी मला बाहेर काढलं.

घरात आल्यावर सईनं फोन माझ्यापुढे धरला. सूर्याखालचा आकडा चढत होता. त्या दिवशी विनयचं मशीन पुन्हा लागलं.

यानंतर तीनेक आठवड्यांनी बाबा गेले. सकाळी फिरून आले, खुर्चीत बसले आणि बोलता बोलता वाचा गेली. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. विनयला जाता आलं नाही. इतका लांबचा प्रवास, वाटेतलं पिशव्यांचं करणं, परत येताना व्हिसा, आणि मधल्या काळात यादीत नंबर लागला तर? डॉक्टर नाही म्हणाल्या. त्यानं बाबांचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं. कोणीतरी तिकडे फोन धरून उभं होतं, त्याचा हात हलत होता, आणि विनय सारखं म्हणत होता, "जरा जवळ घ्या. चेहरा दिसत नाहीये."

तेराव्यानंतर संध्याताईंचा फोन आला. आधी नीट बोलल्या. मग म्हणाल्या, "शुभा, छप्पर बदलायला जमलं तुम्हाला. इकडे यायला नाही जमलं. बाबा कॉलनीत त्या छपराचेच फोटो दाखवत फिरायचे." आणि फोन ठेवला.

फोन स्पीकरवर होता. विनय समोर बसला होता. मला त्यांचा राग आला नाही. जिनं भावाला स्वतःची किडनी देऊ केली तिला मी काय उत्तर देणार? मी फक्त विनयकडे बघत होते. माझ्याच हट्टानं तो इथे राहिला होता. तो आता मला काय म्हणेल याची मला भीती वाटत होती.

त्यानं टेबलावरचा फोन बाजूला सरकवला. मग म्हणाला, "ताईचं बरोबर आहे. तुझंही बरोबर होतं. तू नसतीस तर बाबांच्या आधी मीच गेलो असतो." थोड्या वेळानं म्हणाला, "दोघींचं बरोबर आहे, याचं मी काय करू ते सांग."

मी सांगू शकले नाही. अजूनही सांगू शकत नाही. संध्याताई, हे तुम्ही वाचाल तर एवढंच कळावं की आम्ही छपराखाली सुखात बसलो नव्हतो.

आता इकडे वसंत आहे. विनयचा नंबर अजून लागलेला नाही. व्हिसाचं एक्स्टेन्शन पुन्हा भरायचं आहे. मला कोणी विचारतं, तुमचं घर कुठलं, तर पूर्वी मी नागपूर सांगायचे आणि मग घाईनं श्रूजबरी. दोन्ही सांगताना काहीतरी खोटं बोलल्यासारखं वाटायचं. आता एवढं लांबचं उत्तर देण्याइतकं बळ माझ्यात उरलेलं नाही. विनय जिथे झोपतो आणि सकाळी जिथे जागा होतो, ते घर. सकाळी मी आधी त्याच्या दाराशी जाऊन उभी राहते. त्याचा श्वास ऐकते. मग चहा ठेवते.